आधी श्वास सोडा

बशीतला चहा निवावा म्हणून घालतो तशी हलकी फुंकर. नाकाने दोन आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठांचा लहानसा चंबू करायचा आणि चार आकडे मोजत हवा सोडायची. गाल फुगवायचे नाहीत, जोर लावायचा नाही. सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट, श्वास अडवणाऱ्या आजाराच्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीलाच हे शिकवतात. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. धाप लागलेल्या माणसाला हवा घ्यायची असते. मग सोडायला का सांगतात?

पण खरी अडचण सोडण्यातच आहे. निरोगी छातीतले कोट्यवधी वायुकोश रबरासारखे ताणले जातात आणि आपसूक आकसतात. वर्षानुवर्षं धूर आत गेला की त्यांच्या भिंती झिजतात, लवचीकपणा जातो. बारीक श्वासनलिका सुजतात आणि श्वास सोडताना मध्येच मिटतात. शिळी हवा आत अडकून राहते. एसटीतली माणसं उतरलीच नाहीत तर फलाटावरची चढणार कुठे? त्यात चालायला लागलं की श्वास भरभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि अडकलेली हवा वाढतच जाते. ओठ अरुंद केल्याने नलिकांमध्ये थोडा दाब टिकतो, त्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात आणि श्वासाची गती मंदावते. फुंकरीचं काम एवढंच, पण जिना चढताना तेवढ्यानेही फरक पडतो.

हा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या लेखातून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. शेणाच्या गोवऱ्या आणि ओल्या लाकडांचा धूर हे त्यातलं एक मोठं कारण. चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ पेटवण्यात ज्या बायकांचा जन्म गेला, त्यांचा दम ‘वयामुळे लागतो’ म्हणून घरोघरी सोडून दिला जातो. हे फार वाईट आहे. स्पायरोमेट्री नावाची, नळीत जोराने फुंकायची साधी तपासणी खरं काय ते सांगू शकते.

आता फुंकरीच्या जोडीला करायच्या ताण देण्याच्या व्यायामांकडे. हवा अडकून छाती पिंपासारखी फुगते, छाती आणि पोट यांच्यामधलं घुमटासारखं श्वासपटल सपाट होतं आणि त्याची ताकद उतरते. मग मानेचे, खांद्यांचे स्नायू फासळ्या वर ओढायला धावतात. अशा रुग्णाची मान जवळून पाहिली तर श्वासागणिक दोरीसारखे ताठ होणारे स्नायू दिसतात. खांदे कानांकडे चढलेले असतात. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती उघडणं, मान हळू कलती करणं, खुर्चीत बसून एक हात डोक्यावरून नेत बरगड्यांची बाजू ताणणं, या हालचालींनी हे आखडलेले भाग मोकळे होतात. झिजलेले वायुकोश त्याने भरून येत नाहीत. नियम एकच: जोर लागेल तेव्हा श्वास सोडायचा, कोंडायचा मुळीच नाही. म्हणूनच दीर्घ कुंभक किंवा झटक्यांची कपालभाती अशा रुग्णांनी आपल्या मनाने करू नये. जोराने हवा ढकलली की नलिका आणखी मिटतात. ‘पोटाने श्वास घ्या’ हा सल्लाही सरसकट लागू पडत नाही. श्वासपटल फारच सपाट झालं असेल तर त्याने धाप वाढू शकते.

एके काळी अशा रुग्णांना पडून राहायला सांगत. न्यूयॉर्कचे डॉ. अल्वन बॅरक यांनी १९५२ मध्ये उलट सांगितलं: ऑक्सिजन देऊन चालवलेले रुग्ण हळूहळू जास्त चालू लागतात. त्यातून पुढे ‘फुफ्फुस पुनर्वसन’ उभं राहिलं. त्यात चालणं, पायांची ताकद, श्वासाचं तंत्र, ताण देणं असं सगळं एकत्र असतं. २०१५ मध्ये कोक्रेन संस्थेने ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा फायदा इतका स्पष्ट होता की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज उरली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यातलं मोठं श्रेय चालण्याला आणि पायांना जातं. केवळ ताण देण्याच्या फायद्याचा पुरावा तुलनेने थोडा आहे. फुफ्फुसं तीच राहतात, पण पाय कमावले की तेवढ्याच कामाला धाप कमी लागते.

प्रगती मोजायला सहा मिनिटांची चाल पुरते. ३० मीटरचा सरळ व्हरांडा, दोन्ही टोकांना खुणा, हातात घड्याळ. दम लागला तर थांबायचं, दोन्ही हात भिंतीला टेकून पुढे झुकायचं, चार फुंकरी घालायच्या आणि पुन्हा निघायचं. काही आठवड्यांच्या सरावानंतर याच चालीत सुमारे ३० मीटरची भर पडली, तर डॉक्टर ती खरी सुधारणा मानतात. व्हरांड्याची ती एक लांबी, घरी मोजायची तर ओसरीपासून अंगणातल्या नळापर्यंत आणि परत.