खालच्या मजल्यावरची मुलं

न्यूयॉर्कमध्ये एका धावत्या हमरस्त्याच्या थेट डोक्यावर ३२ मजली इमारती उभ्या आहेत. शेल्डन कोहेन, डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या शाळकरी मुलांची केलेली पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली. उच्चारात जेमतेम फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या मुलांना ऐकवायच्या आणि विचारायचं, शब्द एकच की वेगळे? आपल्याकडे ‘काल–काळ’, ‘दात–दाट’ अशा जोड्या घेता येतील. चारेक वर्षं तिथं काढलेल्या मुलांमध्ये मजला जितका खालचा, तितका या चाचणीतला गोंधळ जास्त. वाचनही तितकंच कच्चं.

बहिरेपणाशी याचा संबंध नव्हता. कान आवाज आत पोचवतो. त्यातला ल कुठला आणि ळ कुठला, हे मेंदूला शिकावं लागतं. ज्याला ळ वेगळा जाणवतच नाही, त्याला फळ्यावरचं ते अक्षर कशासाठी आहे हे कसं उमगावं? पण वाचन म्हणजे डोळ्यांचं काम असं आपण धरून चालतो आणि आधी चष्म्याचा नंबर काढून येतो. संशोधकांचा कयास असा, की अखंड गोंगाटात मूल आवाज कानाआड करायला शिकतं, आणि त्यात माणसांचं बोलणंही कानाआड होतं.

त्याच शहरातल्या एका शाळेच्या खिडक्यांजवळून उन्नत मार्गावरची रेल्वे जायची. गाडी आली की शिकवणं थांबायचं. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दाखवून दिलं, की रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडतात. सहावीत तर जवळजवळ वर्षभर. शाळा तीच, फक्त बाजू वेगळी! पुढे रुळांवर रबरी गाद्या बसल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं आली आणि १९८१च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आली. ना जादा शिकवणी, ना औषध.

अर्थात सगळं खापर गोंगाटावर फोडता येत नाही. डिस्लेक्सिया या वाचनदोषाची मुळं बरीचशी आनुवंशिक असतात आणि शांत घरातली मुलंही वाचताना अडखळतात. पण हायवेलगतच्या किंवा पावसात पत्रे धडधडणाऱ्या वर्गातल्या मुलाला ‘लक्षच नसतं’ असा शेरा मारताना आधी वर्गाची परीक्षा घ्यायला हवी, असं मला वाटतं.

म्युनिकचा विमानतळ १९९२ साली दुसरीकडे हलला, तेव्हा संशोधक दोन्ही ठिकाणी आधीपासून तयार होते. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं बिघडलं.