बोनेटवरची पांढरी भुकटी

वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटवरून एकदा बोट फिरवून बघा. बोटाला पिठासारखी भुकटी लागते. आपण ती धूळ समजतो आणि गाडी धुतो. ओली असेपर्यंत गाडी नव्यासारखी दिसते, वाळली की पुन्हा फिकट. मग कुणीतरी सांगतं, ‘रंग मेला, आता पूर्ण गाडी रंगवून घ्या.’ मंडळी, आज मला एवढंच सांगायचंय, की पुष्कळदा हा रंग मेलेला नसतो. त्याच्या फक्त वरच्या थराची राख झालेली असते.

आमच्या वांगणीत माझ्या दाराशी अब्बांनी १९८६ साली घेतलेली लाल प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा प्रवास २०२३ च्या ऑक्टोबरात संपला. उरलेल्या गाड्या आता अशा कुणाकुणाच्या दारातच. कारखान्यातून आलेला मूळ रंग एकदा खरवडून काढला की तो पुन्हा मिळत नाही. म्हणून रंगाऱ्याकडे जाण्याआधी आहे तो रंग वाचतो का, हे पाहावं.

रंग फिका का पडतो? जव्हार-मोखाड्याकडच्या माणसाला हे वारली चित्रावरून चटकन कळेल. तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक घालून तो पांढरा रंग करतात. दिसतं ते पीठ, पण त्याला भिंतीवर धरून ठेवतो तो डिंक. गाडीच्या रंगातही रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ असते. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून ही राळ वरच्या थरात तोडतात. दव, पाऊस आणि उष्णता त्यात भर घालतात. कण मोकळे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि रंग पांढुरका दिसतो. पाणी पडलं की ते खळगे भरतात, म्हणून ओली गाडी छान दिसते. ऊन वरून पडतं, त्यामुळे टप आणि बोनेट आधी जातात, दारं मागाहून. लाल रंग तर फार लवकर फिकटतो.

आता परीक्षा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एखाद्या आडबाजूला हलकेच घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर तो एकाच जातीचा रंग आहे. जुन्या साध्या रंगाच्या गाड्या बहुधा अशाच असतात आणि त्या चांगल्या सुधारतात. फडकं कोरं राहिलं, तर वर पारदर्शक क्लिअर कोट असणार. तो नुसता मंद झाला असेल तर पॉलिशनं उजळतो. पण त्याचे पापुद्रे सुटत असतील तर पॉलिशचा उपयोग नाही. तिथे रंगकामच हवं. गंजाचं दुखणं याहून वेगळं, त्यावर वेगळा इलाज.

कामाला सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना बसावं. आधी भरपूर पाण्यानं लाल माती वाहवून टाकायची, मग गाडीच्या शाम्पूनं धुवायचं. कोरड्या फडक्यानं माती पुसली तर प्रत्येक कण ओरखडा काढतो. त्यानंतर वीतभर जागेवर सौम्य पॉलिश लावून पाहायचं. तेवढ्यानं भागलं नाही, तरच रबिंग कंपाउंड घ्यायचं. थोडी थोडी जागा, हलका हात. शेवटी पुन्हा बारीक पॉलिश, म्हणजे रबिंगच्या रेषा जातात.

राखेनं तांब्याचा हंडा घासावा, तसंच हे काम. फरक इतकाच, की हंड्याचं तांबं जाड असतं. गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषांवर तर रंग आणखी पातळ. तिथे जोर लावला की खालचा प्रायमर डोकावतो आणि मग परतीची वाट नाही. अशा कडांना चिकटपट्टी लावून ठेवावी. आम्ही कवी मंडळी कवितेतले शब्द कमी करतो, तेव्हा कुठे थांबायचं हेच अवघड असतं. इथेही तेच. एखादा जुना ओरखडा राहिला तर राहू द्यावा.

काही ठिकाणी गाडीवर डिझेल किंवा रॉकेल फिरवतात. चमक येते, पण ती ओल्या गाडीच्या चमकेसारखीच. दोन दिवसांत धूळ चिकटते आणि रंग होता तसाच.

उजळलेल्या रंगाला लगेच मेण लावायचं. चांगल्या मेणात ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा मेण असतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी लावावं, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच. प्लॅस्टिकचं आच्छादन ओल कोंडतं. त्यापेक्षा हवा खेळणारं कापड बरं, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे छप्पर.

कारण प्रत्येक रबिंगनं रंगाचा थोडा भाग कायमचा जातो. असं रबिंग एका गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येतं. मेण मात्र कितीही वेळा लावा, रंगातलं काही उणं होत नाही.