कुंभकोणमच्या बँकेचा कागद

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला आलेला मराठी माणूस बहुधा सरफोजी राजांच्या पोथ्यांपाशी थबकतो. मी मोडी कागदांपाशी थांबलो. या दरबाराचा कारभार मोडीत लिहिला जाई, आणि ते कागद पाहिले की मला १७९९ चा तह आठवतो. त्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने राज्य ताब्यात घेतले आणि सरफोजींना दरसाल एक लाख स्टार पॅगोडा व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा लावून दिला. राजे आपल्याच राज्याचे भागधारक होऊन उरले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाई दाद मागायला गेल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे प्रकरण न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे ठरवले. राज्य गेले, त्याच्याबरोबर हिस्साही गेला.

टिकलेल्या हिश्शाची गोष्ट इथून चाळीसेक किलोमीटरवर, कुंभकोणमला सापडते. याच कावेरीच्या भातखोऱ्यात ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी ‘द कुंभकोणम बँक लिमिटेड’ स्थापन झाली. आज तिला सिटी युनियन बँक म्हणतात, आणि मुख्य कचेरी अजून कुंभकोणमलाच आहे. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९०६ मध्ये, मद्रासची अर्बथनॉट ही बडी इंग्रज पेढी बुडाली आणि असंख्य कुटुंबांच्या ठेवी घेऊन गेली. कुंभकोणमची लहानशी बँक त्या वादळातून तरली. तिची घाई नसण्याची सवय मला फार मोलाची वाटते. पहिली शाखा मन्नारगुडीला निघाली ती १९३० साली, म्हणजे स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी. १९५७ मध्ये तिने कॉमनवेल्थ बँक आपल्यात घेतली, १९६५ मध्ये सिटी फॉरवर्ड बँक आणि युनियन बँक या दोन स्थानिक बँका, आणि त्यांची नावे स्वतःच्या नावात गुंफली. तमिळनाडूबाहेरची पहिली शाखा बंगळुरूला १९८० मध्ये.

१९६९ मध्ये सरकारने पन्नास कोटींहून जास्त ठेवींच्या चौदा बँका ताब्यात घेतल्या, १९८० मध्ये दोनशे कोटींच्या वरच्या आणखी सहा. कुंभकोणमची बँक दोन्ही वेळा रेषेच्या खाली राहिली. तिचा लहानपणा तिच्या भागधारकांच्या पथ्यावर पडला.

१९९८ मध्ये बँकेने जनतेला भाग विकले आणि ती शेअर बाजारात आली. आज भागाचे दर्शनी मूल्य एक रुपया आहे. २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळाला, २०१८ मध्ये पुन्हा दहाला एक. शंभर भागांचे एकशे एकवीस झाले. बोनस म्हणजे पैसा मिळाला, असा समज घरोघरी आहे, तो सोडून द्यावा. बोनसने त्याच पोळीचे जास्त तुकडे होतात. पोळी मोठी होते ती बँकेत राहिलेल्या नफ्याने. बँक आपल्या भांडवलावर वर्षाला समजा पंधरा टक्के कमावते आणि त्यातले तीन लाभांश म्हणून वाटते, तर उरलेले बारा टक्के गंगाजळीत जातात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या आधारावर नवे कर्ज दिले जाते. बारा टक्क्यांनी तीस वर्षांत रुपयाचे तीस होतात. मोठी चमक दाखवावी लागत नाही. पण त्या तीस वर्षांत एकदाही भांडवल धुऊन जाता कामा नये.

आणि बँकेत ते फार चटकन धुतले जाते. बँकेच्या मालमत्तेत भागधारकांचा स्वतःचा वाटा जेमतेम दहावा, बाकी सगळे ठेवीदारांचे. मालमत्तेतल्या शंभर रुपयांपैकी दहा बुडाले की मालकाचे हात रिकामे. म्हणून इथे कर्ज कोणाला दिले हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. सिटी युनियनची बहुतेक कर्जे तारणावरची आहेत: लहान व्यापारी, छोटे कारखानदार, शेतकरी, सोनेतारण. कापडदुकानदाराला ओळखणारा शाखाधिकारी हे तिचे खरे यंत्र.

तरी वाट सरळ नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये चोरांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत शिरून सुमारे २० लाख डॉलर बाहेर वळवण्याचा डाव केला. निव्वळ नफा २०१८-१९ मध्ये सुमारे ६८३ कोटी होता, पुढच्या वर्षी ४७६ कोटींवर आला. २०२० च्या सुरुवातीला दोनशे रुपयांच्या वर गेलेला भागाचा भाव मार्चमध्ये कोसळला आणि नंतर बराच काळ त्या पातळीखालीच घुटमळला. नफा मात्र सावरत गेला: २०२३-२४ मध्ये १,०१६ कोटी, २०२४-२५ मध्ये १,१२४ कोटी. भाव थांबला होता त्या वर्षांत ज्याने कंटाळून भाग विकला, त्याची अडचण मला समजते. पाच वर्षे हा माणसाच्या आयुष्यातला मोठा काळ आहे. कुंभकोणमला महामहमचा उत्सव दर बारा वर्षांनी येतो, १९९२, २००४, २०१६. अशा बँकेचा भाग धरणाऱ्याने तोच ठोका मोजावा असे मला वाटते.

पण टिकलेल्या बँकेचीच गोष्ट सांगणे हा अन्याय होईल. कुंभकोणमपासून फार दूर नसलेल्या करूरला १९२६ मध्ये लक्ष्मी विलास बँक निघाली. तीही व्यापाऱ्यांची, तीही जुनी, तीही घरोघरच्या विश्वासाची. नोव्हेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत विलीन झाली. ठेवीदार वाचले. भागभांडवल शून्य करण्यात आले. बँक ऑफ तंजावूरही १९९० मध्ये इंडियन बँकेत विरून गेली.

आपल्याकडेही हेच घडले. १९३६ ची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयकडे गेली, भागामागे २८ रुपये रोख मिळाले. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली. १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. ९२५ भागांना तिकडचे शंभर. सांगलीच्या भागधारकाने ते शंभर जपले असतील तर त्याचे पुढे बरे झाले, पण ती कमाई सांगलीच्या बँकेची नव्हे.

समजा कोणी तीस वर्षांपूर्वी दोन लहान बँकांत सारखीच रक्कम घातली. एक वर्षाला पंधरा टक्क्यांनी वाढली, दुसरी शून्य झाली. पहिल्या रुपयाचे सहासष्ट झाले; दोन्ही मिळून तेहतीस पट, म्हणजे वर्षाला साधारण १२.४ टक्के. अर्धी गुंतवणूक मातीत जाऊनही वाढीचा दर अडीच टक्क्यांच्या आसपासच घसरला. ज्याच्याकडे फक्त दुसरी होती, त्याच्या हातात काही नाही. माझ्या मते लहान बँकेच्या भागाचे सगळे शहाणपण या हिशेबात आहे, आणि तरीही बहुतेक घरे एकाच, आपल्या गावच्या, बँकेचे भाग घेतात. ती माया मी चूक म्हणणार नाही. गावच्या बँका त्याच मायेने उभ्या राहिल्या.

अशा घरांतल्या ट्रंकेत अजून कागदी प्रमाणपत्रे निघतात. त्यांवरचे नाव जुने असते, भागधारक कधीच वारलेला असतो, आणि लाभांश कुठे जातो हे कोणाला ठाऊक नसते. सलग सात वर्षे लाभांश कोणी उचलला नाही तर तो आणि ते भागही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि फोलिओ क्रमांक घेऊन अर्ज करावा लागतो, आणि वेळ बराच लागतो. फोलिओ क्रमांक प्रमाणपत्रावरच छापलेला असतो.