मुंगसाची मुळी

नागाशी झुंजता झुंजता मुंगूस दमलं की म्हणे झुडपात शिरतं, एका रोपाचा पाला खातं आणि ताजंतवानं होऊन परत नागावर धावून जातं. ते रोप म्हणजे सर्पगंधा. आपल्याकडे अडकईही म्हणतात.

रोप जेमतेम गुडघाभर. एकेका पेरावर तीन-तीन पानं, लाल देठांवर पांढऱ्या फुलांचा झुबका, पिकलेली फळं काळी चकचकीत. मूळ मात्र जमिनीत सापासारखं वळणं घेत जातं. त्या वळणांवरूनच लोकांनी ताडलं, हे सापावरचं औषध! कुणी मुळी उंबरठ्याशी पुरली, कुणी उगाळून दंशावर लावली. विष काही उतरलं नाही. मुंगूस तगतं ते अंगच्या गुणानं. नागाचं विष स्नायूंवर ज्या जागी चिकटतं, ती जागाच मुंगसात जरा वेगळी असते. किल्ली कुलपात बसतच नाही!

मुळीचा दुसरा गुण मात्र लोकांनी अचूक हेरला होता. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत, भ्रमिष्ट माणसाला शांत करायला देत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी मन निववते आणि रक्तदाबही उतरवते. मग आपल्या मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव 1949 मध्ये विलायतेच्या नियतकालिकात छापला, तेव्हा कुठे जग जागं झालं. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन हे तिचं गुणकारी द्रव्य वेगळं काढलं गेलं.

ते करतं काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी इवल्या इवल्या थैल्या असतात. हृदयाला पळवणारी, मनाला चेतवणारी रसायनं त्यांत साठतात. रेसरपिन त्या थैल्यांत ती भरायचं तोंडच बंद करतं. साठा सरत जातो, धडधड मंदावते, डोकं निवतं. पण साठा फारच आटला तर माणूस उदास होऊ शकतो, अगदी जीव नकोसा व्हावा इतका. म्हणून डॉक्टर आता ते क्वचितच देतात, आणि म्हणूनच ही मुळी आपल्या मनानं कधी चघळायची नाही. साप चावला तर थेट दवाखाना गाठायचा.

आणखी एक. औषध मुळात, त्यामुळे ते काढायला अख्खं रोप उपटावं लागतं. असं उपटून उपटून जंगलातली सर्पगंधा विरळ झाली आहे. कधी रानात लाल देठांची ती पांढरी फुलं दिसली, तर शेजारी बसून डोळे भरून बघा, पण मूळ मातीतच राहू द्या.