निजतानाच्या गोष्टीतला कुत्रा काय शिकवतो?

छत्रपती संभाजीनगर, (प्रतिनिधी) : रात्री दिवे मालवण्याच्या वेळी लहान मुलांना कुत्रा दोन रूपांत भेटतो. 'गुपचूप झोप, नाही तर भूभू येईल' या धाकातला कुत्रा हे पहिले रूप. मित्राची वाट पाहणारा, शरण आलेला किंवा न्याय मागणारा गोष्टीतला कुत्रा हे दुसरे. पहिल्या रूपाने मूल डोळे मिटते खरे, पण ते भीतीने. दुसऱ्या रूपाने ते विश्वासाने झोपी जाते.

या दोन्हींचा परिणाम दुसऱ्या दिवशी गल्लीत दिसतो. धाकावर वाढलेले मूल कुत्रा दिसताच किंचाळत पळते, नाही तर दगड उचलते. याउलट नुसत्या लाडिक गोष्टी ऐकलेले मूल अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला जाते. धोका दोघांनाही आहे. म्हणून मुलांना कुत्र्याची गोष्ट सांगताना ती कोणती निवडावी, कशी सांगावी आणि तिच्यातून त्यांच्या हाती काय लागावे, याचा पालकांनी थोडा विचार करणे आवश्यक आहे.

म्हणींतला आणि गोष्टींतला

मराठी म्हणींनी कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, असे आपण म्हणतो. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण तर लहान मुलांच्या बाबतीत घातकच आहे. कारण भुंकणे, गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा असतो आणि तो न मानणाऱ्याला चावा बसू शकतो.

आपल्या परंपरेतील गोष्टी मात्र म्हणींच्या अगदी उलट दिशेने जातात. त्यांत परीक्षा कुत्र्याची होत नाही. कुत्र्याशी माणूस कसा वागतो, यावर माणसाचीच परीक्षा होते. मुलांना जे शिकवायचे, त्याचे बीज या एका गोष्टीत आहे.

जातकांतील दोन कथा

अजिंठ्याच्या लेण्यांमुळे जातककथा हा शब्द आपल्या जिल्ह्याला परका नाही. बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या या कथांपैकी काहींची चित्रे तेथील भिंतींवर आहेत. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा असून दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने त्या मराठीत आणल्या. त्या संग्रहातील दोन कथा या विषयासाठी विशेष उपयोगी आहेत.

पहिली 'अभिण्ह जातक'. राजाच्या हत्तीच्या पुढ्यातला सांडलेला भात खायला एक कुत्रा येऊ लागतो. हळूहळू दोघांची अशी गट्टी जमते की एकावाचून दुसऱ्याला अन्न गोड लागत नाही. एके दिवशी माहूत तो कुत्रा एका खेडुताला विकून टाकतो. हत्ती खाणेपिणे, स्नान सारे सोडतो. त्याला काही रोग नाही, त्याचा मित्र हरवला आहे, हे राजाचा शहाणा प्रधान ओळखतो. दवंडी पिटली जाते, कुत्रा सुटून धावत येतो आणि हत्ती त्याला सोंडेने उचलून डोक्यावर घेतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला ही कथा जशीच्या तशी सांगता येते. तिच्यात मारामारी नाही आणि शेवट भेटीचा आहे. रुसलेल्या, न जेवणाऱ्या मित्राला काय झाले असेल हे विचारावे, ही शिकवण न सांगताच पोहोचते.

दुसरी कथा 'कुक्कुर जातक', म्हणजे कुत्र्याचे जातक. राजाच्या रथाचे पावसात भिजलेले चामडी पट्टे रात्री कुत्री खाऊन टाकतात. बाहेरची कुत्री शिरली असावीत, असे सेवक सांगतात आणि राजा सरसकट सर्व कुत्र्यांना मारण्याची आज्ञा देतो. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक निर्भयपणे दरबारात येऊन विचारतो, "महाराज, आपण सगळीच कुत्री मारता काय?" "राजवाड्यातली सोडून," असे उत्तर मिळते. हा पक्षपात झाला, असे तो राजाला दाखवून देतो. मग त्याच्या सांगण्यावरून वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात कालवलेले दर्भ पाजले जातात आणि त्यांच्या पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडतात. आळ पुराव्याने दूर होतो. वर्गात पेन्सिल हरवली की संशय नेहमी एकाच मुलावर घेतला जातो. अशा वयाच्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना या कथेतील न्याय चटकन उमगतो.

महाभारताच्या दोन टोकांना

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्य उपाख्यानाच्या आरंभी, कुत्र्याच्या पिलाची गोष्ट येते. जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असताना देवशुनी सरमा हिचे पिलू तेथे येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. सरमा प्रथम विचारते की, तू काही अपराध केला असशील. पिलू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, मग चाटणे तर दूरच. आई त्याच्यावर विश्वास ठेवते, यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते आणि कोणीही उत्तर देत नाही, तेव्हा राजाला शाप देते.

याच महाकाव्याच्या सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत चालत राहतो तोही एक कुत्राच. त्याला सोडून रथात बस, असे इंद्र सांगतो, पण आश्रयाला आलेल्याला टाकून स्वर्गही नको, असे युधिष्ठिर म्हणतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर उलगडते. निरपराध कुत्र्याला मारणारा राजवंश आणि कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा राजा, अशी ही जोडी आहे. मात्र पांडव वाटेत एकेक करून पडतात, तो भाग निजताना लहानग्यांना सांगण्याजोगा नाही. हिमालयातली लांब वाट, सोबत चालणारा कुत्रा आणि उघडे असलेले दार, एवढे त्यांना पुरेसे आहे.

आपल्या मातीतले

संत नामदेवांचे जन्मस्थान परंपरेने हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना चिंता. ही आख्यायिका महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. तिच्यात पळापळ आहे, गंमत आहे आणि चार वर्षांच्या मुलालाही कळेल असे मोठे मन आहे.

पैठणच्या एकनाथ महाराजांचे शिक्षण देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे झाले. त्यांच्या चरित्रांतील एका कथेत दत्तात्रेय मलंगाच्या वेषात, सोबत कुत्री घेऊन येतात आणि कोवळा एकनाथ त्यांना लगेच ओळखत नाही. वेषावरून कोणाची पारख करू नये, हे सांगायला दौलताबादच्या किल्ल्याइतकी परिचित जागा इथल्या मुलांना दुसरी कोणती मिळणार? दत्ताच्या चित्रातील चार कुत्र्यांना चार वेद मानण्याची प्रथा आहे. शहरालगतच्या सातारा गावात ज्याचे जुने मंदिर आहे, त्या खंडोबाच्या अनेक टाकांवरही घोड्यासोबत कुत्रा असतो. देवळात गेल्यावर 'यात भूभू कुठे आहे, शोध' एवढे म्हटले तरी रात्रीच्या गोष्टीची तयारी होते.

रायगडावरील वाघ्याची गोष्ट मुलांना आवडते. परंतु तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असा अनेक अभ्यासकांचा आक्षेप असून त्या स्मारकावरून २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाद झाले. ती सांगताना 'असे लोक सांगतात' ही पुस्ती जोडावी. याउलट जपानमधील हाचिको हा खरोखर होऊन गेलेला कुत्रा. १९२५ मध्ये मालक वारल्यानंतर १९३५ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत तो शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. आख्यायिका आणि घडलेली घटना यांतला फरकही गोष्टींतूनच शिकवता येतो.

सांगावे कसे?

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधील प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, यावरूनच आपल्याकडे रात्रीच्या गोष्टीचे स्थान कळते. या वेळी आवाज हळू असावा, गोष्टीचा वेग कमी कमी होत जावा आणि शेवटी सर्व जण घरी, उबेत पोहोचलेले असावेत. कुत्र्याला मुलाच्या ओळखीचे नाव द्यावे. मोती, वाघ्या, चंप्या, काहीही चालेल. एकच गोष्ट मुलाने दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगावी, त्या ओळखीतच त्याला निर्धास्त वाटते. 'तात्पर्य काय?' असा प्रश्न मात्र विचारू नये. परीक्षेचा वास आला की झोप उडते आणि गोष्टही.

गोष्टीतून गल्लीत

दयेबरोबर सावधगिरी शिकवली नाही, तर ही सारी शिकवण अपुरी राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावा घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण १५ वर्षांखालील मुले असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, पण वेळेवर उपचार केल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. मोकाट कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि बंदोबस्त ही प्रशासनाची जबाबदारी आहे. गोष्ट ती पार पाडू शकत नाही. मात्र मुलाने काय करावे, हे ती सांगू शकते.

झोपलेल्या, खात असलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, हात अंगाशी धरून, त्याच्या डोळ्यांत न पाहता झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. हे नियम म्हणून सांगितले तर मूल विसरते. 'झाड झालेली मुलगी' म्हणून तीच गोष्ट सांगितली, तर दुसऱ्या दिवशी ती अंगणात झाड होऊन दाखवते. थोड्या मोठ्या मुलांना जोसेफ मैस्टरची खरी हकीकत सांगावी. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पॅरिसला घेऊन गेली, ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली त्याला लस टोचण्यास सुरुवात झाली आणि तो वाचला.

सर्वांत महत्त्वाची शिकवण सरमेच्या पिलाची आहे. ते रडत आईकडे गेले आणि घडले ते सांगितले. खेळताना कुत्र्याची खोडी काढली आणि तो चावला, तर रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात आणि धोका तेथेच असतो. 'काहीही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही,' हे वाक्य गोष्टीतल्या आईच्या तोंडी रोज यायला हवे. मुलाने सांगितले की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, हळद वा तिखट लावू नये आणि विलंब न करता घाटीत किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मग गोष्टीतल्या आईने दिलेला शब्द घरातल्या आईवडिलांनीही पाळावा. तो एकदा मोडला, तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.