पुढची चाके ओढीनाशी झाली तर : जीपमधील दोष कसा शोधावा

मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीतील गाडीवाटा चिखलाने भरून जातात. अशा वेळी बियाणे पोचवावयाचे असो किंवा अडलेल्या बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे असो, चारही चाकांनी ओढणाऱ्या जीपचाच आधार असतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे विकास गटांच्या कामात जीप रूढ झाली. आज अनेक शेतकऱ्यांकडेही ती आहे. परंतु उन्हाळाभर न वापरलेली पुढच्या चाकांची जोडणी नेमकी चिखलात दगा देते. दांडा ओढला म्हणजे पुढची चाके ओढू लागली, असे समजू नये. यंत्र उघडण्यापूर्वी शक्ती कोठे अडते हे शोधल्यास वेळ व पैसा दोन्ही वाचतात. दांड्याने जोडणी करावयाच्या साध्या जीपला ही माहिती लागू आहे.

शक्तीचा मार्ग

एंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते. तेथून एक शाफ्ट मागे व दुसरा पुढे जातो. पुढच्या शाफ्टची शक्ती डिफरन्शियल, ॲक्सल आणि हब या क्रमाने चाकास मिळते. काही जीपांचे पुढचे हब हाताने फिरवून ‘लॉक’ करावे लागतात. ते करण्याचे विसरणे हे दोषाचे अगदी साधे कारण होय. म्हणून प्रथम तेच पाहावे.

घरच्या घरी परीक्षा

जीप सपाट व टणक जागी उभी करून एंजिन बंद करावे. हातब्रेक लावून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. दोन्ही हब ‘लॉक’ करून दांडा चारचाकी जोडणीत टाकावा आणि पुढचे एक चाक जॅकने उचलावे. जॅकवरील जीपखाली कोणीही शिरू नये. उचललेले चाक हाताने फिरवून पाहावे. ते किंचित हलून अडले, तर जोडणी ठीक आहे. चाक फिरले आणि पुढचा शाफ्टही फिरला, तर दोष ट्रान्स्फर केसमध्ये किंवा दांड्याच्या सांध्यांत आहे. चाक फिरले पण शाफ्ट स्थिर राहिला, तर दोष हब, ॲक्सल किंवा डिफरन्शियलमध्ये आहे. तो दोहोंपैकी कोणत्याही बाजूस असू शकतो.

दांडा अडकल्यास

वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. चिखलात चाके घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र शाफ्टला पीळ बसतो व दांडा निघत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर करू नये. चाके सरळ ठेवून जीप काही हात मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो. टायर असमान झिजलेले असले तरीही असाच पीळ बसतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे ठेवावेत आणि टणक रस्ता लागताच जोडणी काढावी.

एकच चाक गरगरत असल्यास

साध्या डिफरन्शियलमुळे पुढचे एक व मागचे एक अशी दोनच चाके जागच्या जागी फिरू शकतात. हा बिघाड नव्हे. ॲक्सिलरेटर दाबल्याने खड्डा मात्र खोल होतो. चाकांपुढील चिखल काढून त्यांखाली दगड, फांद्या किंवा तुराट्या घालाव्यात आणि हळू बाहेर पडावे.

ओढा ओलांडल्यावर

खोल पाण्यातून जीप नेली असल्यास डिफरन्शियल व ट्रान्स्फर केसमधील तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे असे समजून ताबडतोब बदलावे. नाहीतर बेअरिंगे व दाते गंजतात.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा नांगरटीच्या मोकळ्या जमिनीत चारही चाके जोडून जीप थोडी चालवावी आणि वरील परीक्षा मृगापूर्वी उरकून घ्यावी. अंगणात सापडलेला दोष दुरुस्त करता येतो. तोच दोष रात्री ओढ्याच्या काठी सापडला, तर आतील रोग्याच्या जिवावर बेतते.