दया, आधी बेल वाजव!

एक साधा हिशोब करा. तुम्ही आत्ता सेकंड इयरला असाल, तर 'सीआयडी' तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर तिचा पहिला भाग लागला, तेव्हा आपल्या शेंद्र्यात स्कोडासुद्धा आलेली नव्हती. तरी एसीपी प्रद्युमनची बोटं हवेत कशी फिरतात, हे तुम्हाला करून दाखवता येतं. कॅन्टीनमध्ये कुणाचा समोसा गायब झाला की कुणीतरी म्हणतंच, "कुछ तो गड़बड़ है." दुपारचे रिपीट भाग, यूट्यूब आणि मीम्स यांनी ही मालिका तुमच्यापर्यंत आणून सोडली.

ती टिकली कशामुळे? कथांमुळे म्हणाल तर हसू येईल. निम्म्या भागांत खुनी कोण, हे हॉस्टेलवरच्या पोरांना दहाव्या मिनिटाला कळतं. टिकली ती टीममुळे. अभिजीतचं तारिकाकडे बघणं आणि दया-श्रेयाचं ते अर्धवट प्रकरण सोडलं, तर यांना घरदार नाहीच. सासू नाही, रडारड नाही. प्रेत सापडलं की सगळे एका गाडीतून येतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. दया दार तोडणार, अभिजीत डोकं चालवणार, फ्रेडी भुताला घाबरणार, साळुंखे प्रद्युमनला टोमणा मारणार. आपल्या कट्ट्यावरही असेच चार-पाच नमुने असतात ना?

यात एक गंमत आहे. 'फ्रेडी' हा फ्रेडरिक्स होता दिनेश फडणीस, आणि 'डॉ. साळुंखे' आहेत नरेंद्र गुप्ता. नावांची अशी अदलाबदल कुणाला कधी खटकली नाही. फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले, तेव्हा कित्येकांनी घरातलंच माणूस गेल्यासारखे स्टेटस ठेवले होते. शिवाजी साटम मूळचे बँकेत नोकरी करणारे, नाटकातून आलेले. त्यांनी पोलिसाचा गणवेश सीआयडीच्या आधीच चढवला होता, मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये. आईला किंवा मावशीला विचारून बघा, डोळे चमकतील. आदित्य श्रीवास्तव तर सुरुवातीला एका भागात गुन्हेगार म्हणून आला होता, नंतर तोच अभिजीत झाला. २००४ मध्ये या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये एकही कट न घेता, सलग एका शॉटमध्ये केला. आपल्याला वर्गात पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन सलग देता येत नाही, त्यामुळे याची किंमत आपल्याला कळायला हवी.

२७ ऑक्टोबर २०१८ ला दीड हजारांहून जास्त भागांनंतर मालिका थांबली आणि २१ डिसेंबर २०२४ ला परत आली. एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युमनला मारून टाकलं, चॅनेलने श्रद्धांजलीची पोस्टही टाकली, लोक भडकले, आणि साहेब परत हजर. चालायचंच.

पण तो डिसेंबर २०२४ जरा आठवा. टीव्हीवर सीआयडी परत येत होती, त्याच महिन्यात मराठवाड्यात 'सीआयडी' हा शब्द रोज पहिल्या पानावर होता. ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तपास सीआयडीकडे गेला. त्याच आठवड्यात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद पाळला गेला, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो तपासही सीआयडीकडे. एकीकडे मोबाईलवर दया दार तोडतोय आणि दुसरीकडे घरी वडील बातमी वाचतायत: 'सीआयडीचे पथक दाखल'. ही दोन्ही सीआयडी एकच का?

नाही. खरी सीआयडी म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग. मुख्यालय पुण्यात, प्रमुख अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी. प्रेत सापडलं की हे लोक धावत येत नाहीत. आधी स्थानिक ठाणं तपास करतं, आणि प्रकरण गंभीर किंवा वादाचं असेल तर सरकार किंवा न्यायालय ते यांच्याकडे देतं. देशमुख प्रकरणात सीआयडीने हजाराहून अधिक पानांचं दोषारोपपत्र दाखल केलं ते फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे अडीच महिन्यांनी. मालिकेत तेवढ्यात पंचवीस केस मिटल्या असत्या.

एसीपीचंही तसंच. हे पद पोलीस आयुक्तालयात असतं. मुंबईत गुन्हे शाखेच्या कागदोपत्री नावातही सीआयडी आहे, म्हणून प्रद्युमन तिथे शोभतो. आपल्या शहरात आयुक्तालय आहे, म्हणजे एसीपीही आहेत. पण शेंद्र्याहून जालना रोडने करमाडकडे निघालात की ग्रामीण पोलिसांचं राज्य. तिथे पोलीस अधीक्षक, त्यांच्या खाली उपविभागीय अधिकारी. एसीपी औषधालाही नाही. ही माहिती फक्त क्विझसाठी नाही. शिफ्ट संपवून रात्री परतताना रस्त्यात कुणी मोबाईल हिसकावला आणि ठाण्यात ऐकायला मिळालं, "हे आमच्या हद्दीत नाही येत," तर काय कराल? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. प्रत फुकट मिळते. मागून घ्या.

आता साळुंखे. एकच माणूस शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, गोळी कुठल्या पिस्तुलातली ते सांगतो, डीएनए जुळवतो, तेही प्रद्युमन चहा पिऊन येईपर्यंत. प्रत्यक्षात शवविच्छेदन घाटीसारख्या रुग्णालयातले डॉक्टर करतात. व्हिसेरा बरणीत सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथे विषाचा विभाग वेगळा, शस्त्रांचा वेगळा, डीएनएचा वेगळा. अहवालाला आठवडे लागतात, कधी महिने. अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आपल्या शहरात आहे, आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही, जिथे फॉरेन्सिकमध्ये बीएस्सी करता येतं. साळुंखे बघून तिकडे वळायचा विचार असेल तर मी अडवणार नाही. नव्या संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. एवढी माणसं कुठून तरी आणावीच लागणार. फक्त टोमणे मारायला वेळ मिळेल, या भ्रमात जाऊ नका.

आणि दार? 'सिंघम रिटर्न्स'मध्येसुद्धा दयाला दार तोडायलाच बोलावलं होतं, इतकं ते त्याच्या नावावर. पण कायद्यात क्रम उलटा आहे. कलम ४४ म्हणतं, पोलिसाने आधी आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगायचं, आत येऊ द्या म्हणायचं. तरी उघडलं नाही, तरच तोडायचं. म्हणजे बेल वाजवणं दयाला चुकलेलं नाही.

दाराचं हसून सोडून देता येतं. थपडेचं येत नाही. प्रत्येक भागाचा शेवट आठवा: संशयित उभा, दयाची एक सणसणीत कानाखाली, आणि लगेच "हाँ सर, मैंने ही मारा है." केस संपली. आपल्याला बरं वाटतं, कारण तो खरंच खुनी असतो. लेखकाने तसं लिहिलेलं असतं. खऱ्या ठाण्यात कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. मार चुकवायला माणूस काहीही कबूल करतो, हे इंग्रजांनासुद्धा कळलं होतं. म्हणजे कोर्टात प्रद्युमनच्या बऱ्याचशा केस पहिल्याच तारखेला गडगडल्या असत्या.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला, तर महाराष्ट्रात तो तपास ज्यांच्याकडे जातो ती खरी सीआयडी. मालिकेतली सीआयडी कानाखाली मारते, खरीला अशाच माराची चौकशी करावी लागते.

परभणीचा तो तरुण कायद्याचं शिक्षण घेत होता. त्याचं शवविच्छेदन आपल्याच शहरात झालं आणि प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा म्हणून त्याच्या आईला कोर्टात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तसा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच महिन्यात तिथेही तो आदेश कायम राहिला.